अर्डिसचा कागद

"कागद पूर्वीसारखा राहिला नाही," हालवोर पुटपुटला. अर्डिसला उद्देशून नव्हे, टेबलावरच्या गोळ्यांच्या ताटाला उद्देशून. पण ताट आणि अर्डिस यांच्यात जेमतेम वीतभर अंतर होतं.

"त्याच गठ्ठ्यातला आहे," ती म्हणाली.

"मग पाणी."

"विहीर तीच आहे."

"मग..." आणि तो थांबला. तिच्या बोटांकडे बघून थांबला, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही.

तिनं पुढची गोळी उचलली. शिशात थोडं कथील घालून ओतलेली लांबडी गोळी, करंगळीएवढी. तिच्याभोवती कांद्याच्या सालीसारखा पातळ कागद, तिरका कापलेला, ओला करून दोन वेढे द्यायचा. कागदाचं टोक जिथून निघालं तिथंच येऊन टेकायला हवं. एकावर एक चढलं तर गोळी भरकटते, कमी पडलं तर शिसं बंदुकीच्या नळीला चाटून जातं. उरलेली शेपटी बुडाशी मुरडून दाबायची आणि गोळी वाळत ठेवायची. मग पितळी पुंगळीत काळी दारू, तिच्यावर चकती आणि वर ही. बार उडाला की नळीच्या तोंडाशीच कागदानं फाटून गळून पडायचं आणि पुढं गोळीनं एकटीनं जायचं. अर्डिसला याची नेहमी गंमत वाटे. एवढं निगुतीनं नेसवायचं, आणि बयेनं उंबऱ्यातच सगळं सोडून पळायचं!

लग्न झाल्यापासून हालवोरच्या सगळ्या गोळ्यांना कागद तिनंच गुंडाळला होता. तो नेम धरायचा, ती शेजारी दुर्बिणीला डोळा लावून वारा सांगायची. बक्षिसांवर नाव त्याचं कोरलेलं असे. याबद्दल तिची तक्रार नव्हती, म्हणजे फारशी नव्हती.

या उन्हाळ्यात मात्र हालवोरच्या गोळ्या रानोमाळ पडायला लागल्या. आणि त्यांचा मोंटानातला अख्खा नेमबाजी क्लब मदतीला धावला, तो अर्डिसच्या. क्लबचा प्रमुख लायल म्हणाला, "यंदा हवा कोरडी आहे ना अर्डिस, कागद जरा जास्त भिजवून बघ." कोल्बीनं, सगळ्यांत तरुण सभासदानं, कागद कापायला पितळेची पट्टी आणून दिली. "असू द्या हो बाई, माझ्याकडे दोन आहेत." लायलची बायको वांडा तर तिचा हात हातात घेऊन म्हणाली, "तुझं वय झालं असं नाही हं म्हणत मी. पण उन्हाळ्यात बोटं सुजतातच बाई."

हालवोरला कोणी काही म्हणालं नाही. त्याला कॉफी दिली जायची, तीही अर्धा कप. कप अर्धाच भरायचा, हे कोणी कोणाला सांगितलेलं नव्हतं. सगळ्यांना आपोआप कळलं होतं.

अर्डिसनं ते अंगावर घेतलं होतं. त्याच्या हातापेक्षा आपला हात बदनाम झालेला बरा, असं तिला वाटलं होतं. तिचा हात घरातला, त्याचा चारचौघांतला. पण घरातल्या हातालाही अब्रू असते, हे तिला हळूहळू, गोळीगणिक, समजत चाललं होतं.

शनिवारच्या सरावाला दोघं पोचले तेव्हा लायल गाडीपाशीच उभा होता, टोपी हातात घेऊन. टोपी हातात घेतलेला लायल म्हणजे काहीतरी वाईट बातमी.

"राज्याच्या सामन्याला हालवोर आपल्या चमूत आहेच," तो म्हणाला. "तो प्रश्नच नाही. फक्त आम्ही असं ठरवलं, की गोळ्या कोल्बीच्या वापराव्यात. त्यानं सगळ्या करून ठेवल्यात. तुलाही तेवढीच विश्रांती."

"विश्रांती मी मागितली?"

"तसं नाही गं..."

"मग कसं?"

लायलनं टोपी फिरवली. अर्डिसनं नवऱ्याकडे पाहिलं. हालवोर दोन्ही हात खिशात घालून जमिनीकडे बघत होता, जणू तिथं काही सांडलं होतं.

"हालवोर?"

"एकदा बघायला काय हरकत आहे," तो म्हणाला.

तिला एवढंच ऐकायचं होतं, किंवा एवढंच ऐकायचं नव्हतं. आज ती गप्प राहिली तर अर्डिसचा कागद बिघडला हे कायमचं ठरून जाणार होतं. ती मेल्यावरही मोंटानात कोणीतरी म्हणालं असतं, चांगली होती बिचारी, शेवटी शेवटी हात गेला तिचा.

"बघू ना," ती म्हणाली. "आधी माझ्या बघू."

हालवोर दोन काठ्यांच्या कैचीवर रायफल टेकवून बसला. दूर टेकडीच्या पायथ्याशी नेमासाठी ठेवलेला लोखंडी गवा उभा होता, इथून माशीएवढा. अर्डिस दुर्बिणीला डोळा लावून वारा सांगत होती. बार उडाला, पांढरा धूर पांगला, आणि गव्याच्या उजवीकडे माती उडाली. मग खाली. मग कुठंच नाही. मागं कोणी हूं की चूं केलं नाही. अशा वेळी हा क्लब फार सभ्य असतो.

गोळीबार थांबल्याचं लाल निशाण चढलं तशी अर्डिस उठली, चालत नळीपुढच्या गवतात गेली आणि गुडघे टेकून बसली. गुडघ्यांनी कुरकूर केली. तिनं ऐकलं नाही. फाटून पडलेल्या कागदाचा एकेक तुकडा तिनं वेचून टोपीत घेतला, परत आली, आणि वांडानं आणलेल्या बटाट्याच्या लेफ्से पोळ्यांच्या ताटलीशेजारी टेबलावर टोपी पालथी केली.

"वाचा."

"अर्डिस, जेवणाचं टेबल आहे ते," वांडा म्हणाली.

"माहीत आहे. वाचा."

लायलनं चष्मा लावला. नळीतल्या पिळदार आट्यांनी कापलेल्या पट्ट्या होत्या त्या. सगळ्या सारख्या, कडा पात्यानं कापल्यासारख्या. एकही करपलेली नाही, एकही वेडीवाकडी फाटलेली नाही. तिथल्या प्रत्येकाची हयात असले तुकडे वाचण्यात गेलेली.

"स्वच्छ सुटलेत," कोल्बी हळूच म्हणाला. लायलनं त्याच्याकडे असं पाहिलं, की त्यानं लगेच लेफ्सेचा तुकडा तोंडात कोंबला.

"मग दारू कमीजास्त पडत असेल," लायल म्हणाला.

"तीही मीच तोलते. पुढं बोल."

"मग वारा..."

"वाराही मीच सांगते. अजून काय काय माझ्या माथी मारायचंय ते एकदाच सांगून टाक, म्हणजे मी निवांत जेवीन."

लायल टेकड्यांकडे बघायला लागला. सगळेच टेकड्यांकडे बघायला लागले. लाल निशाण उतरलं.

अर्डिस हालवोरपाशी गेली. "ऊठ."

"काय?"

"ऊठ म्हणते. दुर्बिणीवर तू बैस."

"अगं, तुझी कंबर..."

"कंबर माझी आहे. मी बघीन."

ती बसली. दुखलं; तोंडावर दिसू दिलं नाही. नळीत फुंकनळी घालून तिनं लांब, ओलसर श्वास सोडला, आतली काजळी मऊ व्हावी म्हणून. मग तिनं काडतूस भरलं. एवढ्या लांबचा नेम तिनं कैक वर्षांत धरला नव्हता. शेजारून हालवोरचा आवाज आला, सवयीचा, शांत.

"डावीकडून येतोय. अजून थोडं धर. अजून... थांब. हां."

माती उडाली, गव्याच्या पायाशी. मागं कोणीतरी खाकरलं.

"केसभर खाली," हालवोर म्हणाला. "श्वास कोंडू नकोस गं. सोड अर्धा."

तिनं पुन्हा फुंकलं, पुन्हा भरलं. बार. धूर. मग ती लांबलचक शांतता, जिच्यात माणूस म्हातारा होतो. आणि मग पलीकडून, क्षीण पण स्वच्छ, लोखंड वाजलं.

तिनं आणखी एक भरली. पुन्हा वाजलं.

"वारा पडला बघ आत्ता," लायल म्हणाला.

"हो, पडल्यासारखा वाटला," कोल्बी म्हणाला.

"ऊनही उतरलंय," वांडानं जोड दिली.

अर्डिसच्या तोंडाशी शब्द आले. चार शब्द होते, धारदार. सोडले असते तर नेमके बसले असते. तिनं शेजारी पाहिलं. हालवोर दुर्बिणीवर वाकला होता, आणि दोन्ही हात त्यानं मांड्यांखाली दाबून धरले होते. दुर्बिणीला हात लागला तर समोरचं सगळं हलेल म्हणून.

शब्द तिनं गिळले नाहीत, सोडलेही नाहीत. "बरं," ती मागं न बघता म्हणाली. "वारा उठू दे. मी बसलेय."

आणि ती बसली. रायफल कैचीवर, काडतूस हातात. लायल म्हणाला, जेवून घेऊ. ती म्हणाली, तुम्ही जेवा. कोणी जेवलं नाही. कोल्बीचं तोंड चालू होतं, पण त्यालाही ते बरं वाटत नसावं. बऱ्याच वेळानं गवत एका बाजूला झुकलं, मैदानावरची वाऱ्याची निशाणं ताठ होऊन फडफडायला लागली. वांडानं उडती टोपी दोन्ही हातांनी धरली.

"आला," हालवोर म्हणाला. "चांगलाच आला. पूर्ण गवा सोडून धर. अजून. शेपटीच्याही मागं. आत्ता!"

लोखंड वाजलं.

आता वाऱ्याचं नाव काढायची कोणाची छाती नव्हती. लायलनं टोपी डोक्यावर ठेवली, परत काढली. "एकेका रायफलीचं असतं," तो म्हणाला. "नळी तापली की कधीकधी..."

"लायल, बस कर."

हालवोर उठला होता. टेबलापाशी येऊन त्यानं दोन्ही हात सगळ्यांसमोर, कागदाच्या त्या तुकड्यांमध्ये ठेवले. कागद सळसळायला लागले, आणि यावेळी तो वारा नव्हता.

"हात थरथरतात माझे," तो म्हणाला. "तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं, आणि तरी मी तुम्हाला हिच्या कागदाला नावं ठेवू दिली."