काचेखालचं गवत

तेलविहिरींशेजारच्या माळावर सौर प्रकल्पाचं कुंपण उभं राहिलं, तेव्हापासून तुफूल आजी त्याच्या नावानं बोटं मोडत होती. आज पहाटे मात्र ती तारेपाशी थबकली. धुक्याचं पाणी पॅनेलच्या काचांवरून ओघळत होतं आणि खाली हिरवंगार गवत माजलं होतं.

"हे उपटायला माणसं बोलावलीत," इंजिनियर मुहाद म्हणाला.

"खुळा की काय! माझ्या शेळ्या कशाला आहेत?"

"आजी, त्या काचेवर चढतील."

"पुढ्यात ओला चारा सोडून काचेवर चढायला त्या काय इंजिनियर आहेत?"

मुहादनं हसत फाटक उघडलं. शेळ्या माना खाली घालून चरू लागल्या. आजी बराच वेळ बघत राहिली.

"तेलवाल्यांनी चाळीस वर्षं नुसता धूर दाखवला," ती करवादली. "मेल्या, काचांची पुढची रांग कधी लावतोस?"