दार लावल्यावर

"इतक्या जोरानं काहून वाचून राहिले? ऑपरेशन डोळ्याचं झालं माझं, कानाचं नाही."

शामलाबाईंनी असं सुनावल्यावर धम्मानंद मेश्रामांनी आवाज खाली आणला. ती खोड धंद्यानं लावलेली. उभा जन्म त्यांनी बोअरच्या मोटारी दुरुस्त करण्यात घालवला होता, आज नागपुरातली एखादी सोसायटी तर उद्या सावनेरकडचं शेत, आणि मोटारीजवळ माणसाला ओरडल्याशिवाय ऐकू जात नाही.

वाचनाचा नाद खरा शामलाबाईंचा. वाचनालयातून आणलेली जाडजूड कादंबरी अर्धी झाली आणि ऑपरेशनची तारीख येऊन ठेपली. डॉक्टरांनी वाचन बंद, टीव्ही बंद असं बजावलं. टीव्हीचं बाईंना काही वाटलं नाही. "पण त्या शालूचं पुढं काय झालं, हे मले कोण सांगन?" असं त्या दवाखान्यातच विचारू लागल्या. तेव्हा पुस्तक धम्मानंदांच्या हाती आलं. शाळा सुटल्यापासून त्यांनी मोटारीच्या खोक्यातल्या माहितीपत्रकाशिवाय काही वाचलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी ते असे अडखळत वाचत होते की शामलाबाईंना मध्येच डुलकी लागली. पण दोनचार दिवसांत त्यांनाच चटक लागली. बाई दुपारी झोपल्या की ते चोरून पुढचं प्रकरण वाचून काढू लागले.

आज दुपारी ती चोरी अंगाशी आली. शालू सासर सोडून, एक पिशवी घेऊन, माहेरी येते. तिची आई, माई, तिला दारातच अडवते. "आता तेच तुझं घर," म्हणते आणि दार लावून घेते. त्यापुढे एकच ओळ होती: वडील ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. धम्मानंदांनी ती ओळ कितीदा वाचली कोण जाणे. त्यांची नंदिनी दोन वर्षांमागे चंद्रपूरहून अशीच आली होती. शामलाबाईंनी तिला अशीच उंबऱ्यावरून परत पाठवली होती, आणि धम्मानंद मागे हातात पाना घेऊन उभे होते. सुपारी नव्हती, एवढाच काय तो फरक. नंदिनी सासरी गेलीच नाही. नागपुरातच, मिहानमधल्या एका कंपनीत तिनं नोकरी धरली, खोली घेऊन एकटी राहू लागली. बाबांना ती फोन करते. आईला नाही. घरात तिचं नाव निघत नाही, आणि ते न निघणं दोघांनाही दिवसभर ऐकू येतं.

हे प्रकरण बायकोला वाचून दाखवायचं कसं? पानं गाळावीत, तर बाई एका शब्दानं पकडतील. मग धम्मानंदांनी ठरवलं की आपणच थोडी दुरुस्ती करावी. बिघडलेलं ठीक करणं हाच तर त्यांचा धंदा.

संध्याकाळी चहा झाल्यावर त्यांनी पुस्तक उघडलं. शालू दाराशी आली इथवर छापल्याप्रमाणे वाचलं, घसा खाकरला, आणि नजर भिंतीवर ठेवून पुढे म्हणाले, "माईने दार उघडले. तिने शालूला जवळ घेतले. माई म्हणाली, 'इतके दिवस काहून नाही आली वं? चाल, आत चाल.'"

शामलाबाई उठून बसल्या.

"माई असं म्हणते?"

"हो. लिवलं आहे ना इथं."

"ती माई पुण्याकडली हाये. ती 'काहून' म्हणन? 'वं' म्हणन?"

धम्मानंदांनी पानाकडे पाहिलं. पान काही मदत करेना.

"छपाईची चूक असन," ते म्हणाले.

"चूक छपाईची नाही, तुमची हाये. काय लिवलं ते वाचा."

"राहू दे ना वं आज. उद्या वाचू."

"वाचा म्हणते ना."

मग त्यांनी वाचलं. माईचं बोलणं वाचलं, दार लागलं ते वाचलं. सुपारीच्या ओळीपाशी त्यांचा आवाज इतका खाली गेला की शामलाबाईंना ती पुन्हा वाचायला लावावी लागली. प्रकरणाची शेवटची ओळ अशी होती, की त्यानंतर शालू त्या दाराशी कधी आली नाही.

खाली गल्लीत भाजीवाला ओरडत गेला. शामलाबाई काळा चष्मा लावून भिंतीला टेकल्या होत्या. त्या कुठे बघतायत हे काही कळत नव्हतं.

"हे लिवणाऱ्याचं चुकलं," त्या म्हणाल्या.

"काय चुकलं?"

"दार लावल्यावर माई आत काय करते, ते कुठी लिवलं त्यानं?"

"काय करते?"

"कडीवर हात ठेवून उभी राहते. लोकांचं ऐकून लावलं दार, पण हात कडीवरच हाये. पोरगी अजून एक डाव 'आई' म्हणन, मग उघडू, असं तिले वाटते. पोरगी म्हणत नाही. पायऱ्या उतरून जाते. हे त्याले काहून नाही समजलं?"

इतका संसार केला, पण ही कडी धम्मानंदांना कुणी दाखवली नव्हती. ही बाई दगड आहे असंच ते दोन वर्षं धरून चालले होते, आणि त्याच दाराच्या आत, तिच्या मागे तीन हातांवर, ते स्वतः उभे होते. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"अन् पोरीनं तरी काहून म्हणावं?" शामलाबाई म्हणाल्या. "माय तर मी होती."

चष्म्याखालून पाणी आलं.

"डोळ्याले पाणी लागू देऊ नको, डॉक्टर म्हणून राहिले होते," धम्मानंद घाबरून म्हणाले. मग म्हणाले, "मी बी होतो ना तिथं. दोन पावलं पुढं यायचं होतं. नाही आलो."

"लावा फोन."

"तिले?"

"नाही तर का शालूले लावता?"

त्यांनी नंबर लावला. रिंग जात राहिली. आता ही उचलायचीच नाही असं वाटत असताना पलीकडून आवाज आला, "बाबा, मीटिंगमध्ये आहे. नंतर करू?"

"थांब, एक मिनिट," म्हणत धम्मानंदांनी फोन बायकोच्या कानाला लावला. फोन धरायचा सोडून शामलाबाईंनी त्यांचं मनगटच घट्ट धरलं.

"बाबा? बोला ना."

"नंदू, आई बोलून राहिली," शामलाबाई म्हणाल्या.

पलीकडे माणसांची बोलणी ऐकू येत होती. मग एक दार उघडून मिटल्याचा आवाज आला आणि ती बोलणी थांबली. फोन मात्र चालू होता.

नंदिनी म्हणाली, "डोळा कसा आहे?"

"डोळ्याचं राहू दे. तू सांग. तू कशी हायेस?"

नंदिनी सांगू लागली. धम्मानंदांना शब्द नीट ऐकू येत नव्हते, नुसता तिचा आवाज येत होता. वाकून उभं राहून त्यांचा हात भरून आला, खांद्यापर्यंत कळ गेली. पण त्यांनी हात बदलला नाही.