फांदीचं माप

शिंपीणबाईंची टेप तिसऱ्यांदा गायब झाली, तेव्हा त्यांचा पारा चढला. चोर घरातलाच होता, त्यांचा निवृत्त बसड्रायव्हर नवरा. आपल्या जुन्या मार्गावरच्या नऊही थांब्यांवर त्याने पेरू लावले होते, येणाऱ्या-जाणाऱ्याने फुकट खावेत म्हणून. लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस त्याला पहिल्यापासूनच.

त्या तरातरा दवाखान्याच्या थांब्यावर गेल्या, तर स्वारी पेरूला टेप लावून उभी.

"झाडाला झबलं शिवताय का?"

"शेंडा कुठे छाटायचा ते बघतोय. तो छाटला की फांद्या खालीच पसरतात," तो म्हणाला. "इथे व्हीलचेअरवरच्या माणसाचा हात पोचला पाहिजे. शाळेपाशी पहिलीतल्या पोरांचा. कुठल्या थांब्यावर कोण उभं असतं, ते तीस वर्षं बघितलंय मी."

शिंपीणबाईंचा राग कुठल्या कुठे पळाला. माणूस वेडा खरा, पण माप चोख घेत होता. गिऱ्हाईक समोर नसताना असं माप घेणं त्यांनाही कधी जमलं नव्हतं.

"आणि आपल्या घरासमोरचा पेरू?" त्यांनी विचारलं. "तिथे ना दवाखाना, ना शाळा. त्याच्या फांद्या माझ्या छातीएवढ्याच का ठेवल्यात?"

नवऱ्याने टेप गुंडाळून ती त्यांच्या उजव्या हातात ठेवली. तो हात दोन वर्षांपासून खांद्याच्या वर जात नव्हता.