एकच कॅन

नंदाला गेक आंटीच्या दुकानाचा राग होता, आणि तो तिने बरीच वर्षं जपून ठेवला होता. सिंगापुरात पासिर रिसच्या त्यांच्या ब्लॉकखाली, लिफ्टच्या अगदी तोंडाशी ते दुकान. पाव, अंडी, सर्दीच्या गोळ्या, पोरांच्या वह्या, आणि मागच्या भिंतीला टेकलेला बिअरचा उंच फ्रिज. लिफ्टचं दार उघडलं की आधी त्या फ्रिजचा उजेडच डोळ्यांत शिरायचा. नंदा मान खाली घालून झपाझप पुढे निघून जायची. कोथिंबिरीची एक जुडी हवी असली तरी भर उन्हात पार मार्केटपर्यंत चालत जाईल, पण आंटीच्या दुकानात पाऊल टाकणार नाही.

कारण फक्त तिला आणि सुरेशला ठाऊक होतं. सुरेश रोज रात्री जेवण झालं की शतपावलीला खाली उतरायचा. त्या शतपावलीत चालणं किती आणि बसणं किती, हे लग्नाच्या बायकोला वेगळं सांगावं लागत नाही. ब्लॉकखाली म्हाताऱ्यांसाठी बुद्धिबळाचे पट कोरलेली दगडी टेबलं होती, त्यातल्या कोपऱ्यातल्या टेबलाशी तो बिअरचा कॅन घेऊन बसायचा आणि परत यायचा तो बडीशेप चघळत. दाराशी चपला काढल्या की तडक बाथरूम, तिथून तडक बिछाना. हॉलमध्ये म्हणून यायचा नाही. हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती होती, शेजारी बाबासाहेबांची तसबीर होती, आणि तोंडाला वास असताना त्यांच्यासमोरून जायचं नाही एवढी लाज त्याने राखली होती. घरात तर त्याने कधी थेंबही आणला नाही. नंदाला या एका गोष्टीचा मोठा आधार वाटायचा.

रविवारी इथली सगळी मराठी बौद्ध मंडळी वंदनेला जमत, दर खेपेला कुणाच्या तरी घरी. सुरेशचा आवाज खणखणीत, त्यामुळे पंचशील तोच सांगायचा आणि बाकीचे त्याच्यामागून म्हणायचे. पाचवं शील आलं, दारूपासून दूर राहण्याचं, की नंदा डोळे घट्ट मिटून घ्यायची. काय श्रद्धा आहे बाईची, असं लोक म्हणत. श्रद्धा होतीच, पण त्या क्षणाला तिला नवऱ्याचं तोंड बघवत नसे, एवढंच.

हे सगळं कुणाला सांगणार? दापोडीतला पोरगा शिकून इंजिनियर झाला, सिंगापूरला आला, पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, मिळवून स्वतःचा फ्लॅट घेतला, लोक त्याचं उदाहरण देतात. त्याच्या बायकोने तक्रार तरी कोणत्या तोंडाने करायची? ती गप्प राहिली, आणि सगळा दोष तिने त्या फ्रिजवर टाकून दिला.

रात्री साडेदहानंतर दुकानातून दारू विकायची नाही आणि बाहेर बसून प्यायचीही नाही, असा कायदा येऊन वर्ष झालं होतं. तेवढ्यात एमआरटी स्टेशनजवळ मोठं सुपरमार्केट उघडलं आणि गेक आंटीचं दुकान बसायला लागलं. उशिरा पाळीवरून परतणारी माणसं चार कॅन घरी घेऊन जातील या आशेने तिने मध्यरात्रीपर्यंत विक्रीच्या परवान्यासाठी अर्ज केला. बातमी ब्लॉकभर पसरली आणि रहिवासी खवळले. पोरांच्या परीक्षा आहेत, दंगा होईल, बाटल्या फुटतील. लोकांचं म्हणणं ऐकून घ्यायला ब्लॉकखालीच एक सभा ठरली.

नंदाच्या डोक्यात एक विचार आला, आणि आला तो तिच्या वडिलांवरून. तिचे वडील गिरणीतून सुटले की गुत्त्यावर जायचे. मग एका वर्षी त्यांनी सगळ्या वस्तीसमोर हात जोडून मोठ्याने पंचशील म्हटलं, आणि त्या दिवसापासून मरेपर्यंत दारूला शिवले नाहीत. चार लोकांत बोललेला शब्द माणसाला बांधून ठेवतो, हे नंदाने डोळ्यांनी पाहिलं होतं. सुरेश वंदनेत म्हणतो ते पाठ झालेलं म्हणतो. पण स्वतःच्या शब्दांत, शेजाऱ्यांसमोर म्हणाला तर?

"सभेत तुम्ही बोला," ती म्हणाली. "तुमचं इंग्रजी चांगलं आहे."

सुरेश लॅपटॉपमध्ये बघत होता. "मी? मी कशाला?"

"अंजलीची परीक्षा आहे यंदा. बापाने बोलायला नको?"

त्याने लॅपटॉप मिटला. ही काय करते आहे ते त्याला कळलं असावं. "बरं," म्हणाला. नंदाला त्या रात्री कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली.

सभेला प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. गेक आंटी पहिल्या रांगेत टोकाला बसली होती, केस नीट विंचरून, मांडीवर पर्स घेऊन. सुरेश उठला आणि उत्तम बोलला. दारूने घरं कशी पोखरली जातात, आपल्या मुलांनी लिफ्टमधून उतरल्यावर काय बघायचं, सगळं बोलला. टाळ्या पडल्या. एका चिनी आजोबांनी तर उठून त्याचा हात हातात घेतला.

मग सभा घेणाऱ्या अधिकाऱ्याने आंटीला विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का. आंटीने वळून सुरेशकडे पाहिलं. नंदाला वाटलं, संपलं. आता ही बाई सगळ्यांसमोर बोलणार, हा माझं रोजचं गिऱ्हाईक आहे म्हणून, आणि इतक्या वर्षांची झाकली मूठ उघडी पडणार. आंटीने सुरेशकडे पाहिलं, मग त्याच्या शेजारी बसलेल्या अंजलीकडे पाहिलं. "नथिंग टू से," म्हणाली आणि पर्स उचलून दुकानात निघून गेली. नंदाने सुटकेचा श्वास टाकला. त्या बाईने आपल्यावर उपकार केला, हे त्या घटकेला तिच्या मनात आलंसुद्धा नाही.

परवाना नाकारला गेला. सुरेशची शतपावलीही बंद झाली. जेवण झालं की तो खोलीत जाऊन दार लावून घ्यायचा. अमेरिकेची कामं आहेत म्हणायचा. नंदा मनातल्या मनात वडिलांना नमस्कार करायची. आता तिला गेक आंटीचा राग येईनासा झाला, जिंकलेल्या माणसाला येत नाही तसा. काही दिवसांनी आंटीने दुकान बंद करायला काढलं तेव्हा तर तिला थोडं वाईटही वाटलं. शेवटच्या दिवशी ती पहिल्यांदाच त्या दुकानात शिरली. मांडण्या रिकाम्या झाल्या होत्या. फ्रिज बंद होता, दार उघडं टाकून आंटी तो आतून पुसत होती.

"यू नेव्हर कम," आंटी पाठमोरीच म्हणाली.

नंदाने उगाच अंड्यांचा ट्रे उचलला. शेवटी सभेच्या दिवसाबद्दल थँक्यू म्हणाली, तिच्या चाचरत्या इंग्रजीत.

आंटीने फडका पिळला. "युअर हजबंड. एव्हरी नाइट वन कॅन ओन्ली. ही आस्क टू, आय से कॅनॉट. गो होम, वाइफ वेटिंग."

नंदाला आधी नीट कळलंच नाही. आंटीने तुटक तुटक सगळं सांगितलं. आंटीचा नवरा पिऊनच गेला होता. सुरेशला पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच तिने ओळखलं की हा एकावर थांबणाऱ्यातला नाही. तेव्हापासून तिने त्याला कधी दुसरा कॅन दिला नाही. तो चिडायचा, एकदा वाट्टेल ते बोललाही होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचा, पुन्हा एकच मिळायचा. कुठे लांब नको, डोळ्यांसमोर बसू दे, म्हणून कोपऱ्यातलं टेबल तिनेच त्याला दाखवलं होतं. इतकी वर्षं.

"तुम्ही मला सांगितलं का नाही?" नंदाने विचारलं.

"यू नेव्हर लुक अॅट मी," आंटी म्हणाली. त्यात तक्रार नव्हती. अंड्यांचे पैसे तिने घेतले नाहीत.

घरी आल्यावर नंदा तशीच अंडी हातात घेऊन खोलीत गेली आणि सुरेशचं कपाट उघडलं. स्वेटर भारतातून आणलेले, इथे कधी न लागणारे, त्यांच्यामागे बाटल्या होत्या. बिअरचे कॅन नव्हते, व्हिस्की होती. एक भरलेली, बाकीच्या रिकाम्या. सुपरमार्केटच्या पिशव्यांत नीट गुंडाळून ठेवल्या होत्या, एकमेकींवर आपटून आवाज होऊ नये म्हणून.

सुरेश आला तेव्हा ती पलंगावर बसली होती. बाटल्या समोर होत्या. तो चिडला नाही, तेच वाईट झालं. खुर्ची ओढून समोर बसला.

"खाली कसा बसू आता?" तो हळू आवाजात म्हणाला. "सगळा ब्लॉक ओळखतो मला. लिफ्टमध्ये हात मिळवतात. दारूविरुद्ध बोलला तो माणूस मी."

"मला वाटलं, तुम्ही सोडाल."

"मलाही वाटलं होतं, नंदा. त्या दिवशी बोलताना खरंच वाटलं होतं."

ती रडली. तिला स्वतःचाच भयंकर संताप आला. वडिलांचा शब्द तिने दुसऱ्याच्या तोंडात घातला होता, आणि ज्या एका बाईने तिच्या नवऱ्याला वर्षानुवर्षं आवरून धरलं, तिचंच दुकान उठवलं होतं.

आता चोरी उरली नाही, तशी सुरेशची बाटली खोलीतून हॉलमध्ये आली. खोलीत एसी चालत नव्हता हे एक कारण. पहिल्या दिवशी तो ग्लास घेऊन मूर्तीकडे पाठ करून बसला. दुसऱ्या दिवशी त्याने कुठूनसा पांढरा पडदा आणला आणि मूर्ती आणि तसबीर होती त्या मांडणीला तार बांधून लावला. संध्याकाळी ओढायचा, सकाळी सारायचा. नंदाने तो दोनदा काढून फेकला. दोन्ही वेळा त्याने मुकाट्याने उचलून परत लावला.

"मम्मी, व्हाय मस्ट कव्हर?" अंजलीने विचारलं. "बुद्धा ऑल्सो गो टू स्लीप, इज इट?"

"धूळ बसते," नंदा म्हणाली.

त्या रविवारी वंदना त्यांच्याकडेच होती. नंदाने सकाळीच पडदा सारला, फुलं ठेवली, दुपारी मंडळी जमल्यावर मेणबत्त्या लावल्या. नोव्हेना भागातून धम्मानंद आले. हॉस्पिटलात संशोधन करणारे हे गृहस्थ सगळ्यांत वडीलधारे. सुरेशने पंचशील सांगितलं. आवाज तसाच खणखणीत, पाचव्या शीलालाही कुठे अडखळला नाही. या खेपेला नंदाने डोळे उघडे ठेवले. त्याच्या जोडलेल्या हातांकडे ती शेवटपर्यंत बघत राहिली.

निघताना धम्मानंद मांडणीशी थांबले. बोटांनी पडद्याचं कापड चाचपून म्हणाले, "हे छान केलंत हं, सुरेश. धूळ बसत नाही."

"नंदाची कल्पना," सुरेश म्हणाला.

मंडळी गेली. अंजली आपल्या खोलीत अभ्यासाला बसली. नंदाने चहाचे कप विसळले, सतरंजी गुंडाळली. बाहेर अंधारून आलं होतं. सुरेश सोफ्यावर बसला होता. एकदा घड्याळाकडे बघे, एकदा मांडणीकडे. उठत मात्र नव्हता. आज मंडळी येऊन गेली होती, आज त्याला पडद्याला हात लावायचं धैर्य होत नव्हतं. कपाळावर घाम आला होता.

खाली दुकान असतं तर तो आता शतपावलीला गेला असता. एकच कॅन मिळाला असता, आणि घरी जा, बायको वाट बघतेय, असं कुणीतरी म्हणालं असतं.

नंदाने ओले हात पदराला पुसले, शेवटची जळती मेणबत्ती विझवली, आणि पडदा स्वतःच ओढला.