रीताची फेकदांडी

शाळेत असताना रीता भालाफेकीत जिल्ह्यापर्यंत पोचली होती. लग्न होऊन मोहर्लीजवळच्या गावात आली आणि भाला सुटला. मग मोबाइलवर तिनं अ‍ॅटलाटल पाहिलं, भाला लांब फेकायची आकडीवाली दांडी. तशी तिनं धामणाच्या लाकडाची तासली, फेकायच्या बांबूच्या काड्यांना लाखेनं कोंबडीची पिसं चिकटवली, वर अंबाडीची दोरी गुंडाळली.

त्या दुपारी ती तलावाच्या पाळीवर भाताच्या तणसाच्या पेंढीवर नेम धरत होती. खाली बांधीत, भाताच्या खाचरात, तिची सासू इंदुताई वाकून गवत कापत होती. इंदुताईला कानानं कमी ऐकू यायचं.

इंदुताईच्या मागच्या बेशरमच्या झुडपात काहीतरी हललं. आधी रीताला वासरू वाटलं. मग दोन गोल कान दिसले.

"आई! आई, उठा!" ती ओरडली.

विळा चालूच होता. वाघ पोट जमिनीला टेकवून एक पाऊल पुढं आला. वाकलेलं माणूस त्याला जनावरासारखं दिसतं, हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

रीतानं शेवटची काडी आकडीत बसवली. वाघाला लागली तर तो चवताळेल. चुकली तर सासूला लागेल. तिनं दोघांच्या मधे नेम धरला, श्वास रोखला आणि फेकली.

काडी सूं करत गेली आणि इंदुताईच्या बाजूला चिखलात रुतली. वाघानं मान वर केली. आता तो रीताकडे पाहत होता. तिचे हात रिकामे होते.

इंदुताई दचकून ताठ उभी राहिली, विळा उगारून. "काऊन वो, मारून टाकतं का मले?"

उभं माणूस दिसताच वाघ थबकला. क्षणभर तिघंही तसेच. मग तो वळला आणि झुडपात शिरला.

रीतानं हातानं खूण केली. "इकडं या. मागं पाहू नका."

इंदुताईनं मागं पाहिलं नाही. रीताचा चेहरा पाहूनच ती समजली, आणि पाळीवर येताच मटकन खाली बसली.

संध्याकाळी वनरक्षक पगमार्क पाहायला आला. गावची माणसं सोबत होती म्हणून रीता आणि इंदुताईही गेल्या. सगळे वाघाच्या पंजांच्या ठशांभोवती वाकले होते. रीता मात्र काडीकडे पाहत होती. इंदुताई वाकली होती त्या जागेपासून ती फक्त वीतभर लांब रुतली होती.

"बरं झालं तू फेकली," इंदुताई म्हणाली.

रीतानं काडी चिखलातून उपटली आणि त्या भोकापासून सासूच्या पावलाच्या ठशापर्यंत वीत टेकवून पाहिली.