रागनाची आरोळी

“हे जिवंत आहे?” मी विचारलं.

रागनाने ते लाकडी कडं नाकाशी नेलं. त्याच्या खाचांमध्ये करडं, वाळून कडक झालेलं खमीर चिकटलं होतं. “सहा वर्षं माळ्यावर लटकलंय. जिवंत असलं तर बिअर फसफसेल. नसलं तर तोर्गेरच्या घराण्याचं खमीर माझ्या हातून संपलं, गुनवोर.”

तोर्गेर तिचा नवरा. तो गेल्यापासून त्या घरात बिअर झाली नव्हती. आमच्या खोऱ्यात बिअर पुरुष करतात. बायकांनी बिअर गाळायला जुनिपरच्या झुडपाच्या फांद्या तोडून आणायच्या आणि ‘छान झालीय’ म्हणायचं. रागनाने तीस वर्षं शाळेच्या फरशा पुसल्या, पण कुणाला कधी मोठ्याने हाक मारली नाही. तीच बाई चर्चच्या पायरीवर सगळ्यांदेखत बोलून बसली, की गुनवोरच्या, म्हणजे माझ्या, सत्तरीच्या वाढदिवसाला दुकानातली बिअर येणार नाही, ती स्वतः करणार.

शेजारचा हाल्दोर तिथेच हसला होता. “बर्गन शहरातून खमिराची पुडी मागव, रागना. झाकली मूठ राहील.”

सत्तरी शनिवारी होती. बुधवारी आम्ही दोघींनी दिवसभर तिच्या कोठारात तांब्याच्या हंड्याखाली लाकडं सारली. जवाचं गोड पाणी उकळलं, गाळलं, पिपात ओतलं. ते दुधासारखं कोमट झाल्यावर कडं बुडवायचं, आणि बुडवताना ओरडायचं. आरोळी जितकी मोठी तितकी बिअर कडक. तोर्गेरची आरोळी खाडीपलीकडच्या डोंगराला लागून परत यायची.

रागनाने कडं बुडवलं, दाराकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, “हो.”

“हो? अगं, लग्नाला होकार देतेयस का?”

“लोक ऐकतील ना.”

गुरुवारी सकाळी पीप गप्प होतं. ती लाकडाला कान लावून बसली होती. डोळे भरलेले. माझ्या सत्तरीपायी हिची फजिती होणार होती.

हाल्दोर नेमका तेव्हाच डोकावला. “न ओरडता घातलंस वाटतं? झोपलंय मग ते.”

“तू तुझ्या मेंढ्या बघ,” मी त्याला वाटेला लावलं. मग रागनाला म्हटलं, “कोठार गारठलंय. पांघरूण घाल त्याला.”

ती घरात गेली आणि तोर्गेरचा लोकरीचा कोट घेऊन आली. सहा वर्षं खुंटीवरून हलला नव्हता तो. तिने तो पिपाभोवती गुंडाळला, वरची गुंडीसुद्धा लावली. मग दारात उभी राहिली, चौकट धरली आणि ओरडली.

हाल्दोरच्या मेंढ्या कुंपणापर्यंत धावल्या. आरोळी पलीकडच्या डोंगरावरून परत आली, तेव्हा रागना स्वतःच दचकली. मग हसायला लागली. तिला असं हसताना मी तोर्गेर गेल्यावर प्रथमच पाहिलं.

दुपारी झाकण आपोआप वर उचललं गेलं. फेस कोटाच्या कॉलरवर आला, संत्र्यासारखा वास सुटला. रागनाने बोट बुडवून चाटलं. “त्याचीच आहे,” ती म्हणाली.

शनिवारी माझ्या अंगणात चाळीस माणसं होती. बिअरचा मोठा लाकडी वाडगा हातोहात फिरत होता आणि दरवेळी रिकामाच परत येत होता. हाल्दोरने एक घोट घेतला, मग वाडगा सोडेचना. शेवटी त्याने रागनाला बाजूला बोलावलं आणि खिशातून मुरंब्याची रिकामी बरणी काढली. मी अर्थातच जवळ सरकले.

“माझं खमीर वसंतातच नासलं,” तो खाली बघत म्हणाला. “कुणाला बोललो नाही.”

“तरीच पुडीचा पत्ता तोंडपाठ होता,” मी म्हटलं.

रागनाने माझ्याकडे डोळे वटारले. खमीर मागायला आलेल्याला आमच्याकडे नाही म्हणत नाहीत, टोमणाही मारत नाहीत. घरी जाऊन तिने पिपाच्या तळचं दाट खमीर बरणीत काठोकाठ भरून दिलं. उरलेल्यात कडं बुडवलं आणि वाळायला टांगलं.

पुढच्या बुधवारी मी तिच्याकडे कॉफीला गेले होते. रागना धुतलेला कोट दोरीवर टाकत होती. हाल्दोरच्या कोठारातून आरोळी आली.

तिने मान वर करून नीट ऐकलं.

“बारीक आहे,” ती म्हणाली आणि कोटाला दुसरा चिमटा लावला.