हळू ओढायचा मासा

रविवारी डेरेल आमची बोट न्यायला येणार होता. हा माझ्या नणंदेचा मुलगा, पोरगा वाईट नाही. बोट त्याला द्यायची हे माझ्या नवऱ्यानेच, ऑक्टाव्हने, ठरवलं होतं, डाव्या हाताने कागदावर खरडून. सप्टेंबरात ऑक्टाव्हला अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून उजवा हात कमजोर आणि जीभ जड. डॉक्टरीणबाई म्हणाली, बोलेल हळूहळू, बोलता ठेवा. पण हा गृहस्थ तोंडच उघडेना. एक्केचाळीस वर्षं माझ्यावर खेकसण्यात घालवली आणि आता रश्श्यात मीठ जास्त झालं तरी मुकाट गिळायचा. मला ते बघवत नव्हतं.

जानेवारीतलं उत्तरेचं वारं दोन दिवस धिंगाणा घालून शुक्रवारी थांबलं. असं वारं दलदलीतलं पाणी समुद्राकडे ढकलतं, उथळ तळी उघडी पडतात आणि ट्राउट मासे खोल खड्ड्यांत जाऊन बसतात. मी त्याला जाकीट चढवलं, बोटीत बसवलं आणि म्हटलं, बोट जायच्या आधी शेवटचं एकदा चल. तो म्हणायला लागला, "मला... मला..."

"थंडी वाजतेय ना? घोंगडी घेतलीय," मी म्हटलं. त्याने तोंड फिरवलं.

तेलविहिरीवाल्या कंपन्यांनी खणून सोडून दिलेल्या कालव्याचं बंद टोक सगळ्यात खोल. दहा वाजेपर्यंत उन्हाने तिथला चिखल जरा तापला होता, बारीक मासळी वर चुळबुळत होती. म्हणजे खाली ट्राउट असणारच. मी गळाला रबरी कोळंबी लावली आणि टाक, ओढ, टाक, ओढ, तासभर चाललं होतं. एक नाही. मेले कुठे उलथले होते कोण जाणे! खांदा भरून आला तशी मी गळ पुन्हा टाकला, गळाची काठी ऑक्टाव्हच्या मांडीवर ठेवली आणि कॉफी ओतायला वळले.

त्याने कमजोर बोटांनी रिळाची मूठ धरली. अर्धी फिरवली. हात थकला, थांबला. पुन्हा अर्धी. काठी हिसकून घ्यायला माझे हात शिवशिवत होते, पण हातात कॉफी होती. तेवढ्यात दोरा जागीच जड झाला. ऑक्टाव्हने हिसका दिला नाही, नुसती काठी छातीशी घेतली. ट्राउटचं तोंड नाजूक, हिसकलं की फाटतं. मी हातजाळी खाली घातली. चांगला दोन वितींचा मासा, पाठीवर काळे ठिपके. मग दुसरा आला. मग तिसरा.

गारठलेला ट्राउट घासामागे धावत नाही, नाकासमोर रेंगाळला तरच तोंड उघडतो. हे मला लग्नाआधीपासून ठाऊक आहे, पण घाई माझ्या हाडातच. चौथ्याला मी काठी घेतली आणि पुन्हा भराभरा ओढायला लागले.

"ए... एल..." ऑक्टाव्ह म्हणाला.

कॉफी हवी का, असं अगदी माझ्या ओठांवर आलं. आणि तिथेच अडलं. चार महिने मी हेच तर करत होते. त्याचा शब्द निघायच्या आत माझा त्याच्या तोंडात कोंबायचा. बोलेल कशाला बिचारा? मी दात आवळून बसले. एक पाणकोंबडी पोहत अख्खा कालवा ओलांडून गेली, तोवर गप्प राहिले.

"एल्डा," तो म्हणाला. "हळू... ओढ... गाढवे."

मी ढसाढसा रडले. कुणी गाढव म्हटल्याचा इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता.

रविवारी डेरेल गाडी मागे घेऊन बोटीला हूक लावायला वाकला. ऑक्टाव्ह काठी टेकत पायरीवर आला. "बो... बोट..."

"हो मामा, जिवापाड जपेन," डेरेल म्हणाला.

ऑक्टाव्हचा चेहरा पडला. मी डेरेलचं मनगट धरलं. "गप्प राहा. त्याचं बोलून झालेलं नाही."

आम्ही उभे राहिलो. आत भाताच्या पातेल्यावरचं झाकण थडथडत होतं.

"बोट," ऑक्टाव्ह म्हणाला, "माझी."

डेरेलने हूक खाली ठेवला. मी त्याला जेवायला थांबवलं, तळलेला ट्राउट होता. जेवताना मीठ जास्त पडलंय म्हणून ऑक्टाव्हने मला भाच्यासमोर ऐकवलं. वाक्य पुरं व्हायला माझा अर्धा मासा संपला, पण आम्ही दोघांनी ते शेवटपर्यंत ऐकलं.